खळ्यावरचा सुतार

कोल्हापूरजवळ, पुणे-बंगळूर हमरस्त्यापासून थोडं आत, कणेरीच्या मठाचं ग्रामजीवन म्युझियम आहे. माणसाएवढ्या सिमेंटच्या पुतळ्यांतून तिथं जुना गावगाडा उभा केलाय. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सहाजण गेलो. पोरांना बैलांशेजारी फोटो काढायचे होते. आई जात्यावरच्या बाईपुढं घटकाभर थांबली. "पहाटं तीनला उठायची गं बाई," एवढंच तिच्याशी बोलली आणि पुढं गेली.

दादा मात्र सुतारापाशीच अडकले. आमचं घराणं सुताराचं. गाव वाळवा तालुक्यातलं, सातारा खालसा झाल्यावर इंग्रजी मुलखात गेलेलं. दादांचे वडील बलुतं करायचे.

"लाकूड पायानं दाबून धरायचं," दादा नातीला दाखवू लागले, "आन् आंगठ्यापास्नं चार बोटांवर वाकस पडायचा. माझ्या बाच्या आंगठ्याला नख न्हवतंच."

"आज्जा, पैसे किती मिळायचे?"

"पैसं कुठलं? सुगीला खळ्यावर जायाचं."

हे पुतळ्यात कसं दिसणार? लाकूड कुणब्याचं, हात सुताराचा. नांगर, कुळव, पाभर वर्षभर नीट ठेवायची. पेरणीच्या तोंडावर मध्यरात्रीसुद्धा हाक आली तर उठायचं. त्याचा मोबदला सुगीत, धान्याच्या रूपात. नवी गाडी किंवा घराचं काम असलं तर वेगळं ठरायचं. ठरलेलं माप असे, पण पीक बुडालं की तेही बुडे. आणि पिकलं तरी मालक खळ्यावर येईपर्यंत कडेला बसून राहायचं. दादा लहानपणी पोतं घेऊन सोबत जात.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गांव-गाडा’ लिहिलं. महसूल खात्यातला माणूस, खेडी पायाखालची. खळ्यावर जमणाऱ्यांचा कुणब्याला किती भार होतो, ते त्यांनी मांडलं. ते खोटं नाही. पण पोतं घेऊन बसलेल्याच्या बाजूनं तेच खळं निराळं दिसतं, एवढं म्हणण्याचा मला हक्क आहे.

महारांच्या वतनासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. ते वतन गेलं 1958 च्या कायद्यानं. आमच्या घरी सुटका आली ती लोखंडातून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर काढला, मग 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आमच्या गावापासून फार लांब नाही. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी तो घेईनात. पुढं घेऊ लागले, तसा बाभळीचा नांगर मागं पडत गेला, आणि सुताराचं निम्मं काम गेलं.

"मग पणजोबा रडले का?" नातीनं विचारलं.

"रडतोय कशाला? दोन वरसं हाल झालं, ह्ये खरं. मग शाळंची दारं-खिडक्या करायला बोलावलं. रोज संध्याकाळी हातावर रोकडा. बा घरी आला, आयेपुढं पैसं मांडलं आन् म्हनला, मोज."

आजीला मोजता येत नव्हतं. दादा दुसरीत होते, त्यांनी मोजले.