होसकोटे ते हानले : दुरून चालणाऱ्या दुर्बिणीचा इतिहास

बंगळुरूचे नाव निघाले की आज घरोघरी संगणकाच्या नोकऱ्यांचा विषय निघतो. त्याच शहराच्या ईशान्येस, सुमारे 35 किलोमीटरवरील होसकोटे येथे भारतीय ताराभौतिकी संस्थेचे एक केंद्र आहे. तेथील एका कक्षात रात्रभर दिवे जळतात. संगणकांसमोर बसलेले संशोधक एक दुर्बीण फिरवत असतात. मात्र ती त्या आवारात नाही. ती आहे सुमारे 2200 किलोमीटर दूर, लडाखमधील हानले गावाजवळच्या डोंगरावर.

या संस्थेचे मूळ अठराव्या शतकातील मद्रासच्या वेधशाळेत आहे. तिचा वारसा 1899 मध्ये कोडाईकनालला गेला आणि पुढे तमिळनाडूतील कावलूरच्या टेकड्यांवर नवी वेधशाळा उभी राहिली. ती उभारणारे डॉ. वेणू बाप्पू 1982 साली निवर्तले. त्यांनी ध्यास घेतलेली 2.34 मीटर व्यासाची दुर्बीण 1986 मध्ये कार्यान्वित झाली, तिला त्यांचे नाव मिळाले. पण तिच्यातून आकाश पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. कावलूरची मोठी अडचण होती ढगांची. दोन्ही मोसमी पावसांच्या काळात कित्येक रात्री वाया जात. साहजिकच उंच, कोरड्या आणि काळोख्या जागेचा शोध सुरू झाला.

तो शोध हानलेच्या सरस्वती पर्वतावर थांबला. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 4500 मीटर, पाऊस नाममात्र, आणि आजूबाजूला शहरी उजेडाचा मागमूस नाही. ताऱ्यांच्या दृष्टीने ही जागा उत्तम. माणसाच्या दृष्टीने मात्र कठोर. हवा विरळ, हिवाळ्यात पारा शून्याखाली 25 अंशांपर्यंत उतरणारा. मैदानातून आलेल्या माणसाला तेथे दोन जिने चढतानाही धाप लागते. तो रात्रभर जागून अचूक मोजमापे कशी घेणार? दुर्बीण दुरून चालवण्याची कल्पना या प्रश्नातून आली. हौस किंवा नवलाई हे तिचे कारण नव्हते. त्या काळी संस्थेची धुरा डॉ. रामनाथ कौशिक यांच्याकडे होती. त्यांचा जन्म नागपूरचा, ही आपल्या वाचकांना आवडणारी नोंद.

दोन मीटर व्यासाच्या आरशाच्या या दुर्बिणीने सप्टेंबर 2000 मध्ये पहिला प्रकाश टिपला. 2 जून 2001 रोजी जम्मू-काश्मीरचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. फारूक अब्दुल्ला यांच्या हस्ते होसकोटे-हानले उपग्रह संपर्काचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुर्बिणीचे लोकार्पण. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या स्मरणार्थ तिला ‘हिमालयीन चंद्र दुर्बीण’ म्हणतात.

संगणकाने दुर्बीण चालते म्हणजे नेमके काय होते? जुन्या पद्धतीच्या दुर्बिणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असे. तो एकसारख्या गतीने फिरवला की तारा नजरेत राही. हानलेची दुर्बीण तोफेसारखी आडवी फिरते आणि वर-खाली कलते. ताऱ्याचा पाठलाग करताना तिच्या दोन्ही हालचालींचा वेग क्षणोक्षणी बदलतो, शिवाय दिसणारे चित्र स्वतःभोवती फिरते तेही सावरावे लागते. हे गणित हाताने करणे केवळ अशक्य. म्हणजे माणूस दुर्बिणीशेजारी उभा असता तरी त्याच्या आणि तिच्यामध्ये संगणक असणारच होता. एकदा तो मध्ये आला की त्याचा कळफलक शेजारच्या खोलीत आहे की दुसऱ्या राज्यात, हा प्रश्न फक्त संपर्काचा उरतो.

अर्थात संपर्काच्याही मर्यादा होत्या. दूरसंचाराचा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो. होसकोट्याची आज्ञा तेथवर चढून पुन्हा हानलेला उतरते, उत्तर त्याच वाटेने परतते. यात जवळपास अर्धा सेकंद जातो. बोलण्यात तो जाणवणारही नाही, पण ताऱ्याचा पाठलाग करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर परवडत नाही. म्हणून कामाची वाटणी झाली. कोठे पाहायचे, कोणता गाळक लावायचा, किती वेळ प्रकाश साठवायचा, हे होसकोट्याने ठरवायचे. सतत सावरत राहण्याचे काम हानलेतील संगणकाने करायचे. आज्ञा म्हणजे चार शब्द, प्रतिमा मात्र लक्षावधी अंकांची. उपग्रहाच्या मार्गावर खरा भार पडे तो परतीच्या वाटेवर.

महाराष्ट्राला ही विद्या अपरिचित नाही. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या एकाच नियंत्रण कक्षातून हलवल्या जातात. पण तेथील माणूस निदान त्याच शिवारात असतो.

हानलेला माणूस नाही असे मात्र नव्हे, आणि होसकोट्याचे कौतुक करताना नेमके हेच नजरेआड होते. प्रतिमा टिपणारा प्रकाशग्राहक थंड ठेवण्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागतो. त्याचे पात्र कळ दाबून भरत नाही. कडाक्याच्या थंडीत यंत्राचा एखादा भाग आखडला, तर तो मोकळा करायला हातच लागतात. ही कामे तेथे बारमाही राहणारे अभियंते आणि तंत्रज्ञ करतात. त्यांत बरेच जण लडाखचेच. त्यांच्यापैकी दोर्जे आंगचुक यांना आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मानद सदस्यत्व दिले, ही त्या डोंगरावरील श्रमांची उशिरा का होईना, घेतली गेलेली दखल.

2018 पासून त्याच डोंगरावर 0.7 मीटर व्यासाची आणखी एक दुर्बीण आहे. ती भारतीय ताराभौतिकी संस्था आणि पवईची आयआयटी यांची संयुक्त निर्मिती. ती पूर्ण स्वयंचलित आहे. कोणत्या ताऱ्याकडे केव्हा वळायचे, याचा क्रमही तिचा संगणक लावतो, त्यामुळे तिच्यासाठी होसकोट्यात कोणी जागत बसण्याची गरज नाही. तिच्या देखभालीसाठी मात्र हानलेची माणसे तो चढ अजूनही चढतात.