फोटो कोणत्या फॉर्मॅटमध्ये जपायचे?

गटाची पहिली बैठक, विहिरीचं काम, प्रदर्शनातला स्टॉल, सगळे फोटो आता मोबाइलमध्येच असतात. पुढेमागे गटाचं काम दाखवायला तेच लागणार. ते वीस वर्षांनी उघडतील का? हे फॉर्मॅटवरही अवलंबून असतं. फॉर्मॅट म्हणजे फोटोची माहिती फाइलमध्ये मांडून ठेवायची रीत. या रीतींचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

संगणकात उतरलेला पहिला फोटो एका बाळाचा होता. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो यंत्राकडून वाचून घेतला. आडवे १७६ ठिपके, उभे १७६, बस्स!

पुढे ठिपके लाखांवर गेले आणि जागा पुरेना. बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये एक गणित सुचवलं. त्यातून डोळ्यांना न जाणवणारे बारकावे वेगळे करून गाळता येतात. नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्यासाठी पैसे दिले नाहीत. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ते १९७४ मध्ये प्रसिद्ध केलंच. याच गणितावर १९९२ मध्ये ‘जेपेग’ ही रीत ठरली. आपल्या मोबाइलमधले बहुतेक फोटो हिच्यातच असतात.

त्याच वर्षी कोडॅकने ‘फोटो सीडी’ बाजारात आणली. दुकानात रोल द्यायचा, फोटो सीडीवर उतरवून मिळायचे. एका सीडीत शंभरेक फोटो, तेही चांगले ठसठशीत. पण ही रीत कंपनीच्या मालकीची. तिचा पूर्ण तपशील त्यांनी खुला केला नाही. धंदा बसला, ती उघडणारी सॉफ्टवेअरं मागे पडली. सीडी धडधाकट, पण आतले फोटो बाहेर काढताना लोकांच्या नाकी नऊ आले. जेपेगची मांडणी मात्र कुणालाही वाचता येत होती. आमच्या मते ते टिकलं ते यामुळेच.

जेपेगची एक खोड आहे. फोटोत बदल करून पुन्हा सेव्ह केला की दरवेळी थोडं काही हरवतं. नुसती कॉपी केली तर काही बिघडत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो आकसतो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. अभिलेखागारं १९८६ साली आलेला ‘टिफ’ वापरतात. त्यात सहसा काही गाळलं जात नाही, पण जागा फार लागते. सासूबाईंच्या लग्नाचा एकुलता एक कागदी फोटो स्कॅन करायचा असेल तर टिफ घ्यावा. रोजच्या फोटोंना जेपेग पुरे. आयफोनमध्ये २०१७ पासून ‘एचईआयसी’ ही नवी रीत आली. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की जेपेगच मिळतो.

मूळ फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर गटाच्या कपाटात ठेवा, दुसरी हार्ड डिस्कवर दुसऱ्या कुणाच्या घरी. वर्षाचा हिशेब तपासाल त्याच दिवशी दोन्ही उघडून पाहा.