मध्यरात्रीआधी थांबवलेलं घड्याळ

विमानाच्या इंजिनातल्या धातूचा थकवा उड्डाणांत मोजतात. दिल्लीहून उडणाऱ्या एअरबस ए320 निओच्या इंजिनातली सदोष चकती कशी फुटू शकते, हे कळावं म्हणून तिची हजारो उड्डाणं इथे एका दिवसाच्या घड्याळात बसवली आहेत.

सकाळी 6:00
निकेल मिश्रधातूचा रस फवारून त्याची बारीक भुकटी केली जाते. उष्णता आणि प्रचंड दाबाखाली ती एकजीव होते आणि तिच्यातून चकती घडवली जाते. पण भुकटीत एक परका कण राहून गेला आहे. आता हा कण आजूबाजूचा ताण स्वतःभोवती गोळा करणार आहे.

सकाळी 9:00
पहिलं उड्डाण. चकती मिनिटाला हजारो फेरे घेते, कडेची पाती तिला बाहेर खेचतात. विमान उतरतं, ताण सुटतो. चकती पूर्वीसारखीच दिसते, पण कणाजवळचा धातू अगदी किंचित सरकलेला असतो आणि तो परत जागेवर येत नाही.

दुपारी 3:00
असंख्य उड्डाणांनंतर कणाच्या कडेला भेग उघडते. आता प्रत्येक उड्डाणात ती केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतर पुढे जाते.

रात्री 9:00
भेग लांबली की तिच्या टोकावरचा जोर वाढतो, म्हणून ती अधिकाधिक वेगाने वाढते. इंजिन मात्र नेहमीसारखंच चालतं. वैमानिकाला आवाजात फरक जाणवत नाही.

रात्री 11:59
टेकऑफ, पूर्ण शक्ती. उरलेल्या धातूला ओढ सोसवत नाही आणि चकती फुटते. इंजिनाचं कवच तुटलेलं पातं अडवू शकतं. चकतीचे तुकडे अडवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. शेजारी पंखात इंधन आहे, पलीकडे माणसं बसली आहेत.

आता खऱ्या तारखा.

18 मार्च 2020
ए321 विमानाच्या व्ही2500 इंजिनातली टर्बाइनची चकती फुटली. तुकडे आवरण भेदून बाहेर पडले.

24 डिसेंबर 2022
ए320 निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनातला कॉम्प्रेसरचा रोटर निकामी झाला. टेकऑफ अर्ध्यावर सोडावा लागला. तपासात दोष सापडला तो भुकटीपासून बनलेल्या धातूतच.

25 जुलै 2023
प्रॅटची मूळ कंपनी आरटीएक्सने जाहीर केलं: 2015 ची अखेर ते 2021 या काळात बनलेल्या काही भागांच्या भुकटीत दोष असू शकतो. सुमारे 1,200 इंजिनं उतरवून तपासावी लागणार होती. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने अल्ट्रासॉनिक तपासणीचा आदेश काढला. डोळ्यांना न दिसणारी भेग ध्वनिलहरींनी शोधायची होती.

2024 ची सुरुवात
गुरुग्रामच्या इंडिगो या विमान कंपनीची सत्तरहून अधिक विमानं जमिनीवर उभी होती, मुख्यतः या इंजिनांमुळे. कंपनीचं नुकसान झालं, प्रवाशांची गैरसोय झाली.

ती गैरसोय सोसण्याजोगी होती. इंजिन तपासणीसाठी तुमचं विमान रद्द झालं, तर काउंटरवरच्या मुलीवर रागावू नका. कुणीतरी वेळेवर घड्याळ थांबवलं आहे.