बऱ्हाणपूरच्या वाटेवरील रावेर : शिष्टाई, जुळी नगरे आणि एक सरहद्द

दोन शहरांनी परस्परांशी भगिनीभावाचा करार करावा, एकाच्या नगरपित्यांनी शिष्टमंडळ घेऊन दुसऱ्याच्या दारी जावे, मानपत्रे व भेटवस्तू यांची देवघेव व्हावी, ही प्रथा आता आपल्याकडे रुळली आहे. मुंबईने योकोहामाशी 1965 मध्ये व श्टुटगार्टशी 1968 मध्ये असे नाते जोडले; पुण्याचे सॅन होजेशी असलेले नाते 1992 पासूनचे आहे. प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली, आणि ‘भगिनी-शहर’ हा तिच्यासाठी घडविलेला शब्द तर उघडउघड भाषांतरित आहे. मात्र यामागची कल्पना, म्हणजे दोन नगरांचा संबंध राजाराजांच्या तहाहून निराळा असू शकतो ही कल्पना, आपल्या प्रदेशाला नवी होती काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्यासाठी योकोहामापर्यंत जाण्याचे कारण नाही. रावेरहून पूर्वेकडे बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागले तरी पुरे.

बऱ्हाणपूर हे मुळातच जुळे नगर आहे. तापीच्या उत्तर तीरावर बऱ्हाणपूर व समोरच्या दक्षिण तीरावर जैनाबाद अशी दोन गावे फारुकी घराण्याच्या नासिरखानाने वसविली. खुलदाबादच्या परंपरेतील शेख बुऱ्हानुद्दीन गरीब व त्यांचे शिष्य शेख जैनुद्दीन शिराझी यांची नावे या दोन तीरांना मिळाली. फिरिश्त्याने दिलेली हकीकत अशी : नासिरखानाने असीरगड घेतल्यावर शेख जैनुद्दीन त्याचे अभिनंदन करण्यासाठी आले व तापीच्या काठी उतरले. नासिरखानाने त्यांना जहागीर देऊ केली. फकिराला जहागिरीचे काय काम, असे म्हणून ती त्यांनी नाकारली, आणि जेथे भेट झाली तेथे दोन्ही काठांवर एकेक नगर वसवावे एवढेच मागितले. एका पाहुण्याच्या भेटीतून दोन बहिणी जन्माला आल्या, असा या कथेचा घाट आहे.

कथा सुंदर आहे. पण ती कालगणनेला टिकत नाही. शेख जैनुद्दीन 1369 मध्ये निवर्तले. नासिरखान गादीवर आला तो 1399 मध्ये, बाप मलिक राजा याच्या मृत्यूनंतर. तीस वर्षांपूर्वी दिवंगत झालेला साधुपुरुष अभिनंदनासाठी येणे शक्य नव्हते. मलिक राजा हा मात्र शेख जैनुद्दीनांचा अनुगृहीत होता, ही परंपरा दृढ आहे. बापाच्या आयुष्यातील गुरुभेट मुलाच्या नगरस्थापनेला चिकटली असावी, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. भाषेच्या अभ्यासकाला अशा चिकटण्याचे नवल वाटत नाही, कारण शब्दही असेच एका पिढीचा अर्थ दुसऱ्या पिढीच्या खात्यावर मांडून मोकळे होतात. तथापि कथा खोटी ठरली म्हणून निरुपयोगी ठरत नाही. नदीच्या दोन काठांवरील नगरांचे नाते सत्तेने नव्हे तर भेटीने जोडले गेले, असे सतराव्या शतकाच्या आरंभी लोकांना मानावेसे वाटत होते, एवढे तिने निश्चित कळते.

याच नगरात पुढे आलेल्या दोन शिष्टायांची प्रत्यक्ष साक्ष उपलब्ध आहे. दोहोंत पंचवीसेक वर्षांचे अंतर आहे, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

पहिली अकबराची. 1591 मध्ये त्याने दक्षिणेतील चार दरबारांकडे चार वकील रवाना केले. त्यांपैकी खानदेशच्या राजा अलीखानाकडे व तेथून अहमदनगरकडे जाण्याची कामगिरी कविराज फैजीकडे होती. फैजीने बादशहाला धाडलेल्या अर्ज्या उपलब्ध आहेत. बऱ्हाणपूरनजीक त्याने दुहेरी डेरा उभारला; आतल्या भागात तख्त मांडून त्यावर बादशाही तरवार, खिलत व फर्मान ठेवले. बादशहा स्वतः शेकडो कोस दूर. पण राजा अलीखान आला तो त्या रिकाम्या तख्ताला दुरूनच कुर्निसात करीत, पायीचे जोडे काढून. या वर्णनात वकील स्वतः जवळजवळ दिसत नाही. तो केवळ दुसऱ्याच्या उपस्थितीची व्यवस्था पाहणारा आहे. मराठी कागदपत्रांत वकिलाला ‘हेजीब’ म्हणतात. मूळ अरबी ‘हाजिब’ म्हणजे राजाच्या दारापाशी उभा राहून आत कोणाला सोडावयाचे ते ठरविणारा. फैजीचा डेरा पाहिला म्हणजे हा अर्थ किती चपखल होता ते कळते.

दुसरी शिष्टाई इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाचा वकील टॉमस रो याची. वकील राजाचा असला तरी खर्च ईस्ट इंडिया कंपनीचा होता, ही गोष्ट विसरता येत नाही. सुरतेहून खानदेशातून प्रवास करीत तो नोव्हेंबर 1615 मध्ये बऱ्हाणपुरास पोहोचला. कोतवालाने त्याला सराईत नेऊन ज्या खोल्या दाखविल्या त्या विटांच्या, वर घुमटाकार व भट्टीएवढ्याच होत्या, अशी त्याची तक्रार आहे. त्याने त्या नाकारून आपल्या तंबूतच मुक्काम केला. पुढे शाहजादा परवेजच्या दरबारात त्याला जमिनीला डोके टेकण्यास सांगण्यात आले. आपण राजाचे वकील आहोत, चाकर नव्हे, असे सांगून त्याने नकार दिला. बसावयास आसन मागितले, ते मिळाले नाही. खांबाला टेकून उभे राहण्याची सवलत तेवढी मिळाली. बऱ्हाणपुरात वखार घालण्याची परवानगी मात्र मिळाली. त्याने दिलेल्या नजराण्यात मद्याच्या कुप्यांची पेटी होती. दरबार आटोपल्यावर शाहजाद्याने खासगीत बोलावणे धाडण्याचे कबूल केले होते. पण त्या पेटीनेच घात केला, आणि रो वाट पाहत राहिला. शहराचा खरा कारभार खानखानान अब्दुर्रहीमाच्या हाती आहे, हे मात्र त्याने अचूक ओळखले होते.

फैजीपुढे यजमानच वाकतो. रोच्या प्रसंगी पाहुण्याने वाकावे अशी अपेक्षा असते व तो वाकत नाही. आजच्या शिष्टमंडळांच्या औपचारिकतेला हसण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की, आसन कोठे मांडावयाचे व कोणी आधी उठावयाचे, याचाच वाद शिष्टाईच्या इतिहासाचा मोठा भाग व्यापून आहे. ‘शिष्टाई’ हा आपला शब्द या बाबतीत उदार म्हटला पाहिजे. पतंजलीने ‘शिष्ट’ म्हणजे कोण याची चर्चा केली ती भाषेच्या संदर्भात. व्याकरण न शिकताही ज्यांचे बोलणे प्रमाण मानावे असे निर्लोभी लोक, असा तिचा आशय आहे. निर्लोभी वकील बऱ्हाणपुरात किती आले, हा भाग वेगळा.

या सर्व वर्दळीत रावेर कोठे होते? वाटेवर. विल्यम फिंच 1610 मध्ये सुरतेहून आग्र्यास गेला, तेव्हा नंदुरबार, थाळनेर, चोपडे असे मुक्काम सांगत त्याने बऱ्हाणपूरच्या अलीकडे रावेरचेही नाव नोंदविले. शिष्टमंडळे बऱ्हाणपुरात थांबली. त्यांचे बैल, गाडीवान व दाणावैरण यांची सोय वाटेवरच्या गावांनी केली. दरबारी बखरकार अशा गावांची आठवण ठेवीत नाहीत, म्हणून आपणही ठेवू नये असे नाही.

रावेरचे बऱ्हाणपूरशी नाते नुसत्या वाटेचे नव्हते. बऱ्हाणपूरची तलम, जरीची वस्त्रे इराण, तुर्कस्तान, अरबस्तान व कैरोपर्यंत जात, पोलंड व मॉस्कोपर्यंतही जात, असे ताव्हेर्न्ये सांगतो. आणि 1880 च्या खानदेश गॅझेटियरात रावेरची ख्याती कोणती, तर सोन्याची तार व देशी वस्त्रे. कलाबतूची कला ही अशी आहे की ती एकट्या गावात रुजत नाही. तार ओढणारा, ती चपटी करणारा, रेशमावर वळणारा, सोने पुरविणारा व माल उचलणारा अशी साखळी लागते. ती साखळी बऱ्हाणपुरात होती व तिचे टोक रावेरात आले होते, असे मानणे प्रस्तुत लेखकास सयुक्तिक वाटते. दोन नगरांतील नागरी संबंध म्हणून जे काही म्हणावयाचे, ते येथे कारागिरांच्या हातांनी चालविले होते.

मग दुरावा कोठून आला? सर्वसाधारण समजूत अशी की 1956 ची राज्यपुनर्रचना व 1960 ची महाराष्ट्रनिर्मिती यांनी सीमा आखली. हे अर्धसत्य आहे. 1760 मध्ये उदगीरच्या विजयानंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले व पुढे शिंद्यांकडे गेले. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात पडला. बऱ्हाणपूर शिंद्यांकडे राहून 1860 च्या सुमारास इंग्रजांना मिळाले, पण मुंबई इलाख्याऐवजी निमाडमार्गे मध्य प्रांतात गेले. भुसावळ-खांडवा लोहमार्ग दोन्ही गावांवरून गेला आणि 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता मार्ग जबलपूरमार्गे सलग झाला. गाडी एकच, कचेऱ्या दोन. म्हणजे 1956 मध्ये जी रेघ राज्याची सीमा झाली ती शंभर वर्षे आधीच दप्तरांतून ओढलेली होती.

दप्तराची रेघ अभ्यासाचीही रेघ झाली, ही खरी हानी होय. ग्रिअर्सनने आपल्या भाषापाहणीच्या 1907 च्या खंडात खानदेशीचा विचार करताना निमाडातील बऱ्हाणपूर तहसीलही तिच्या क्षेत्रात धरली होती. त्याने खानदेशीला भिल्ली बोलींच्या शेजारी बसविले, हे सर्वांना मान्य नाही. परंतु सीमेपाशी तो थांबला नाही, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. आपण थांबलो. रावेर-यावल भागातील लेवा गणबोलीकडे विद्वानांचे लक्ष गेले त्यात बहिणाबाई चौधरींच्या कवितेचा वाटा मोठा. पण या बोलीच्या रूपांचा माग पूर्वेकडे घेत जाताना आपले नकाशे राज्याच्या सरहद्दीपाशी कोरे होतात. बऱ्हाणपूरच्या बाजूने पाहणाऱ्यांचे नकाशे निमाडीच्या अंगाने येऊन त्याच रेघेपाशी कोरे होतात. तालुक्यात शब्द गोळा करीत हिंडताना प्रस्तुत लेखकाला सोयरिकी, बाजार व दवाखाना या तिन्ही निमित्तांनी पलीकडे जाणारी माणसे नित्य भेटली. त्यांच्या बोलण्यात सरहद्द येते ती मुख्यतः बसच्या तिकिटाच्या संदर्भात.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत 1590 चा एक लेख आहे. राजा अलीखानाने, म्हणजे आदिलशाह फारुकीने, मशीद बांधल्याचे त्यात अरबीत सांगितले आहे, आणि त्याखाली संस्कृतात फारुकी राजांची वंशावळ देऊन संवत 1646 व शके 1511 अशी दोन्ही वर्षे कोरली आहेत. संवत उत्तरेकडचा, शक दक्षिणेकडचा. वाचणारा कोणत्या बाजूने येईल हे ठाऊक नसल्यासारखी ही तरतूद आहे. त्या शिळेवरील संस्कृत विशेषनामांच्या रूपांचा, तेथील आजच्या बोलीतील उच्चारांशी आणि रावेरकडील उच्चारांशी, तौलनिक अभ्यास एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घेण्यासारखा आहे. त्यासाठी सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतता येते.