सिंदखेडची लेक, पडद्यावरची आई

जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यातलं टेंभुर्णी हे बुलढाण्याच्या हद्दीलगतच्या पट्ट्यातलं गाव. हद्दीपलीकडच्या मुलखात सिंदखेडराजा आहे, जिजाबाईंचं माहेर. मराठी सिनेमातल्या आईचा इतिहास मुंबई-पुणे-कोल्हापूरच्या स्टुडिओंपासून सांगायची रीत आहे. तो या पट्ट्यात उभं राहून पाहिला तर त्यातली देवघेव उघडी पडते: सिनेमाने आई घडवताना बाईचा अधिकार, तिचं माहेर आणि तिचा स्वतःचा शब्द काढून घेतला, आणि बदल्यात तिला मुलगा दिला.

जिजाबाईंचंच पाहू. १६२९ मध्ये निजामशहाने दौलताबादला लखुजीराव जाधव आणि त्यांच्या मुलांना मारलं. एका दिवसात माहेरची कर्ती माणसं गेलेल्या या बाईने पुढे पुणे जहागिरीच्या कारभारात लक्ष घातलं, तंट्यांचे निवाडे केले. १६६६ मध्ये शिवाजीराजे आग्र्याला गेले तेव्हा राज्याची जबाबदारी जिजाबाईंकडे होती. पण पडद्यावरच्या जिजाबाई आठवून पाहा. भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’त (१९६४) सुलोचनाबाईंनी केलेल्या जिजाबाई अनेकांच्या डोळ्यांपुढे येतील. मनात राहते ती मुलाला घडवणारी, आशीर्वाद देणारी, त्याची वाट पाहणारी माउली. निवाडे देणारी बाई आणि भावांसाठी रडलेली लेक कुणाला फारशी आठवत नाही. मुलगा घडवणं खोटं नव्हतंच, पण तेवढंच उरलं.

ही घडण पहिल्या चित्रपटापासूनची आहे. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती झाले अण्णा साळुंके, आणि तिचा रोहिदास झाला दिग्दर्शक फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. त्या मुलाची खरी आई, सरस्वतीबाई, फिल्मला भोकं पाडत होती आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत होती. लिंगभाव हा जन्माने मिळत नाही, ठरावीक कृती पुन्हापुन्हा केल्याने तो अंगी मुरतो, असं ज्युडिथ बटलर यांनी १९९० मध्ये मांडलं. पदर, झुकलेली मान, ओले डोळे एवढ्यावर पुरुषाचीही आई होते, हे आपल्या पहिल्याच चित्रपटाने दाखवून ठेवलं होतं! चाळीस वर्षांनी अत्र्यांची ‘श्यामची आई’ (१९५३) आली. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आणि वनमालाबाईंची आई घरोघर पोचली. मूळ पुस्तक साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. त्यातली आई मुलाच्या आठवणीतली आहे. ती स्वतः काय आठवत असेल, हे विचारायला कथेत जागाच नाही.

यावर कोणी म्हणेल, हेच चित्रपट पाहून बायका रडल्या, त्यांना बळ मिळालं, मग तक्रार कसली? बळ मिळालं असेलच. एड्रिएन रिच यांनी १९७६ मध्ये आईपणाचा अनुभव आणि आईपण नावाची व्यवस्था यांत फरक केला होता, तो इथे उपयोगी पडतो. सिनेमाच्या तंबूत बसलेली बाई रडते ती स्वतःच्या अनुभवावर. पडदा मात्र तिला व्यवस्थेचा धडा देत असतो. शिवाय अनुभव बोलून दाखवायची तिची जागा निराळी होती, ती जात्यापाशी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत लेकाचं कौतुक भरपूर आहे, उगाच त्यांना बंडखोर ठरवू नये. पण त्यांत सासरी गेलेल्या लेकीची काळजी आहे, माहेर आहे, आणि मुख्य म्हणजे बोलणारी आई स्वतः आहे. पिठाची गिरणी आली, दळण बाहेर गेलं, तशी ती जागाही गेली.

‘उंबरठा’चं (१९८२) नाव घेऊन हे सगळं खोडता येईल का? जब्बार पटेलांच्या या चित्रपटात स्मिता पाटीलची सुलभा मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते, तिथला कारभार हातात घेते, निर्णय करते. अधिकार परत मिळाला खरा, पण किंमत म्हणून लेक दुरावली. देवघेव तीच, फक्त उलट दिशेने. ‘नाळ’मध्ये (२०१८) आईपण रक्तापासून सुटतं, ही मोठीच गोष्ट, तरी कॅमेरा चैत्या या लहान मुलाच्या उंचीवरच उभा राहतो, आणि आईला कळलेलं आपल्याला कळतं ते त्याच्यामार्फत.