कॅथेटर-रोपणातील मोचन यंत्रणा

रक्तवाहिनीतून सरकविता येणाऱ्या लवचिक नळीला कॅथेटर म्हणतात. अशा नळीत घडी करून वा दाबून बसविलेले साधन शरीरात इष्ट ठिकाणी नेऊन उघडणे याला स्थापन आणि ते कायमचे अलग करणे याला मोचन असे म्हणतात. रोहिणीला आतून आधार देणारी जाळीदार नळी (स्टेंट), हृदयातील छिद्र बुजविणारी चकती, मेंदूतील रोहिणीचा फुगवटा भरणारे तारेचे वेटोळे आणि हृदयाची कृत्रिम झडप ही या रीतीने बसविण्यात येणारी प्रमुख साधने होत.

छाती वा कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत जागा चुकल्यास टाके उसवून साधन पुन्हा बसविता येते. कॅथेटरच्या बाबतीत चिकित्सकाचा हात साधनापासून बराच दूर असतो, साधन क्ष-किरणांच्या पडद्यावर केवळ छायारूपाने दिसते आणि त्याच्याभोवती रक्त वाहत असते. चुकीच्या जागी सुटलेले साधन रक्ताबरोबर वाहत जाऊन दुसरी वाहिनी बंद करू शकते. त्यामुळे साधन शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवणे आणि नंतर धक्का न देता ते पूर्णपणे सोडणे अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा यंत्रणेने पुऱ्या कराव्या लागतात. या क्षेत्राचा इतिहास मुख्यत्वे मोचनाचा क्षण चिकित्सकाच्या ताब्यात आणण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

प्रारंभ : जर्मनीतील एबर्सव्हाल्डे येथे १९२९ मध्ये व्हेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या दंडातील नीलेतून हृदयापर्यंत कॅथेटर नेऊन हा मार्ग मनुष्यास सुसह्य असल्याचे दाखविले. या कार्याबद्दल १९५६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसमवेत मिळाले. १९६४ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी पायातील अरुंद झालेली रोहिणी कॅथेटरने रुंद केली आणि १९६९ मध्ये कुत्र्यांच्या रोहिणीत तारेची वेटोळी बसविल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. कॅथेटर हे निदानाचे साधन न राहता उपचाराचे व रोपणाचे साधन झाले ते या काळात.

गर्भावस्थेत महारोहिणी व फुप्फुस रोहिणी यांना जोडणारी वाहिनी काही मुलांत जन्मानंतरही उघडीच राहते. ती बुजविण्यासाठी बर्लिन येथील व्हेर्नर पोर्स्टमान यांनी १९६७ मध्ये योजलेली पद्धत उल्लेखनीय आहे. मांडीतील रोहिणीतून आत गेलेली तार त्या वाहिनीतून व हृदयातून मांडीतील नीलेवाटे बाहेर काढीत. तारेची दोन्ही टोके शरीराबाहेर राहत व तारेवरून सच्छिद्र प्लॅस्टिकचे बूच जागेवर ढकलीत. येथे तार हीच साधनाची वाट व आधार होती. परंतु बूच जाण्याइतकी मोठी रोहिणी लहान मुलांत नसे.

मेंदूतील रोहिणी : मॉस्को येथील फ्योदोर सेर्बिनेंको यांनी कॅथेटरपासून सुटणारे फुगे मेंदूच्या रोहिणींत बसविण्याची पद्धती विकसित करून १९७४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तथापि वेड्यावाकड्या फुगवट्यात गोल फुगा नीट बसत नसे व त्याच्या दाबाने पातळ भित्ती फुटण्याचा धोका असे. १९७५ च्या सुमारास सेझारे जानतुर्को यांनी प्रचारात आणलेली पोलादी वेटोळी कॅथेटरमधून ढकलली जात. एकदा बाहेर पडल्यावर ती मागे घेता येत नसत.

यावर इटालियन तंत्रिका-शल्यचिकित्सक ग्वीदो ग्वील्येल्मी यांनी उपाय शोधला. फुगवट्यात विद्युत् प्रवाहाने रक्त साकळविण्याचे प्रयोग करीत असता विद्युत् अग्राचे टोक विरघळून गळून पडल्याचे त्यांना आढळले होते. या दोषाचाच त्यांनी पुढे उपयोग केला. प्लॅटिनमचे मऊ वेटोळे अगंज पोलादाच्या तारेला जोडलेले असते आणि सांध्याजवळचा तारेचा लहानसा भाग विद्युत् निरोधक आवरणाविना ठेवलेला असतो. वेटोळे मनाजोगे बसेपर्यंत ते कितीही वेळा मागे घेता येते. नंतर तारेतून सु. १ मिलिअँपिअर प्रवाह सोडला म्हणजे पोलादाचा उघडा भाग रक्तात विरघळतो आणि वेटोळे ओढ न बसता सुटते. प्लॅटिनम मात्र विरघळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात (लॉस अँजेल्स) १९९० मध्ये पहिल्या रुग्णावर ही पद्धत वापरण्यात आली. आरंभी मोचनास काही मिनिटे लागत. पुढे यांत्रिक, द्रवदाबीय व औष्णिक पद्धतींनी हा काळ सेकंदांवर आला. फुगवटा फुटलेल्या २,१४३ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत (२००२) एक वर्षानंतर मृत वा परावलंबी रुग्णांचे प्रमाण वेटोळ्यांच्या गटात २३·७% आणि कवटी उघडून चिमटा लावलेल्यांच्या गटात ३०·६% आढळले.

हृदयातील छिद्र : दोन अलिंदांमधील पडद्याचे छिद्र कॅथेटरद्वारा बुजविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न अमेरिकेतील टेरी किंग व नोएल मिल्स यांनी १९७५ मध्ये केला. त्यांच्या दुहेरी छत्रीला सु. ७·७ मिमी. व्यासाची नळी लागे, त्यामुळे ती पद्धत रूढ झाली नाही. कुर्ट अँप्लाट्झ यांनी १९९० नंतरच्या दशकात निकेल-टिटॅनियम मिश्रधातूच्या (निटिनॉल) तारांची विणलेली दुहेरी चकती तयार केली. ही मिश्रधातू अतिशय ताणली वा दाबली तरी मूळ आकार घेते. त्यामुळे चकती बारीक नळीत लांबट होऊन मावते व बाहेर येताच पसरते. ती वाहक तारेला आट्यांनी जोडलेली असते. प्रतिध्वनी चित्रणाने जागेची खात्री होईपर्यंत ती पुन्हा नळीत ओढता येते आणि खात्री पटल्यावर तार उलटी फिरवून सोडली जाते.

स्टेंट व झडपा : मनुष्याच्या हृद्‌रोहिणीत १९८६ मध्ये प्रथम बसविलेला स्टेंट आवरण मागे ओढताच स्वतः पसरणारा होता. हुलिओ पाल्माझ यांचा स्टेंट मात्र आतील फुग्याने पसरविला जाई. फुग्याने पसरलेला धातू पुन्हा आक्रसत नाही. म्हणून या पद्धतीत स्थापन व मोचन एकाच क्षणी घडते. सुरुवातीस हाताने दाबून बसविलेला स्टेंट वाटेतच फुग्यावरून निसटण्याचाही धोका असे.

फ्रान्समधील रूआँ येथे आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी महारोहिणीची झडप कॅथेटरद्वारा प्रथमच मनुष्यात बसविली. ती फुग्याने पसरणारी होती. अशी झडप पसरविताना ती रक्ताच्या झोताने सरकू नये म्हणून हृदयाचे ठोके कृत्रिम रीतीने अतिशीघ्र करून प्रवाह काही सेकंद क्षीण करण्याचा प्रघात पुढे पडला. निटिनॉलच्या स्वयंप्रसारी झडपांपैकी काही बऱ्याच अंशी उघडल्यावरही नळीत परत घेता येतात.

पूर्ण उघडून, तिचे कार्य तपासून मगच सोडता येईल अशी ‘लोटस’ ही झडपही तयार झाली होती. परंतु तिच्या वाहक यंत्रणेच्या गुंतागुंतीमुळे नोव्हेंबर २०२० मध्ये ती बाजारातून काढून घेण्यात आली. चूक सुधारण्याची सोय वाढविली की यंत्रणेतील भाग वाढतात आणि प्रत्येक नवा भाग स्वतःच बिघाडाचे कारण होऊ शकतो. या दोहोंतील समतोल साधणे ही मोचन यंत्रणेच्या अभिकल्पातील मूळ समस्या होय.