विश्वविचार, जुन्नर–आंबेगाव परिसरातील

विश्वाची रचना, उत्पत्ती व काळ यांविषयी मानवाने वेळोवेळी केलेल्या विचाराच्या जुन्नर व आंबेगाव (जि. पुणे) या तालुक्यांत आढळणाऱ्या खुणा आणि त्यांचे तात्त्विक स्वरूप हा या नोंदीचा विषय आहे. सह्याद्रीच्या माथ्यापासून कुकडी व घोड नद्यांच्या खोऱ्यांतून पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या या प्रदेशात सातवाहनकालीन यज्ञलेख, बौद्ध लेणी, वारकरी संतांशी निगडित स्थाने आणि खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण ही सर्व एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत. त्यांमागील विश्वकल्पना एकाच ज्ञानाच्या चढत्या पायऱ्या आहेत, असे मानण्याची प्रवृत्ती आढळते. वस्तुतः प्रत्येकीचा प्रश्न निराळा आहे आणि विधान खरे मानण्यासाठी तिने स्वीकारलेले प्रमाणही निराळे आहे. हा भेद ध्यानात घेतल्यासच त्यांची तुलना फलदायी ठरते.

नाणेघाट : कोकणातील बंदरांकडून जुन्नरमार्गे प्रतिष्ठानकडे (पैठणकडे) जाणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गावर, घाटमाथ्याजवळील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिच्याशी निगडित असा ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख आहे. त्याचा काळ सामान्यतः इ. स. पू. पहिले शतक मानतात. लेखाच्या प्रारंभी धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य आणि यम, वरुण, कुबेर व वासव हे चार लोकपाल यांना वंदन केलेले आहे. पुढे अश्वमेध, राजसूय, गवामयन इ. यज्ञांची व त्यांतील दक्षिणांची नोंद आहे. चार दिशा चार देवतांच्या रक्षणाखाली आहेत, चंद्रसूर्य नियमाने फिरतात आणि यज्ञ हा त्या व्यवस्थेशी मानवी राज्याला जोडणारा दुवा आहे, अशी विश्वकल्पना या मांडणीमागे दिसते. गवामयन हे सत्र वर्षभर चालते. विषुवत् हा त्याचा मधला दिवस असून त्याच्या दोन्ही बाजूंचे विधी सूर्याच्या वार्षिक गतीशी जुळविलेले असतात. विश्व कशाचे बनले आहे, हा येथील मुख्य प्रश्न नाही; विश्वाच्या क्रमाशी माणसाने आपले वर्तन कसे जुळवावे, हा आहे. त्याचे प्रमाण म्हणजे वेदवचन, अर्थात शब्द.

याच लेखात दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, कार्षापण नाणी इत्यादींच्या संख्या अंकचिन्हांनी कोरलेल्या आहेत. भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. दहा, शंभर, हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे असल्याने यात स्थानमूल्य पद्धती नाही. तथापि विश्वव्यवस्थेला केलेले वंदन आणि मोजमापाची लेखी नोंद एकाच भिंतीवर असावी, ही गोष्ट लक्षणीय आहे.

जुन्नरची लेणी : जुन्नर शहराभोवतीच्या तुळजा, शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री इ. डोंगरांत सुमारे दोनशे लेणी असून त्यांतील बहुतेक बौद्ध आहेत. त्यांचे खोदकाम इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत चालले. दात्यांत व्यापारी, श्रेणी व शासकीय अधिकारी यांच्याबरोबर यवन म्हणजे ग्रीक वा तत्सम परदेशी व्यक्तीही आढळतात. तुळजा लेण्यातील चैत्यगृह वर्तुळाकार असून मधल्या स्तूपाभोवती बारा अष्टकोनी स्तंभ आणि वर घुमटाकार छत आहे. स्तूपाचा अंड हा भाग व त्यावरील यष्टी यांतून विश्व व त्याचा अक्ष सूचित होतो, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. जुन्नरच्या कोरीव लेखांत मात्र दानाचीच नोंद असते, असे स्पष्टीकरण नसते.

बौद्ध विचारात या विषयाला वेगळेच वळण मिळाले. जग शाश्वत आहे की अशाश्वत, सान्त आहे की अनंत, या प्रश्नांना बुद्धाने उत्तर दिले नाही. म्हणून त्यांना अव्याकृत प्रश्न म्हणतात. दुःखनिवृत्तीच्या मार्गावर या उत्तरांचा उपयोग नाही, हे त्याचे कारण होय. याउलट, प्रत्येक गोष्ट इतर कारणांवर अवलंबून उत्पन्न होते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत बौद्धांनी मध्यवर्ती मानला. पुढे लोकप्रिय बौद्ध साहित्यात मेरुपर्वत व अनेक लोकधातू यांची वर्णने आली, तरी उत्तर देता येणार नाही किंवा देऊन उपयोग नाही असे प्रश्न वेगळे काढण्याची शिस्त ही या परंपरेची खास देणगी होय. लेण्याद्री येथील एका विहारात पुढे गिरिजात्मज गणपतीची स्थापना झाली व अष्टविनायकांत त्याची गणना होऊ लागली. एकाच खडकात दोन विश्वकल्पना अशा रीतीने नांदल्या.

संतपरंपरा : जुन्नर तालुक्यातील आळे येथे ज्ञानेश्वरांच्या आज्ञेने वेद बोललेल्या रेड्याची समाधी दाखवितात, तर ओतूर येथे तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी असल्याचे परंपरा मानते. रेड्याची कथा ही आख्यायिका होय. परंतु ज्ञानाचा अधिकार विशिष्ट वर्णापुरता, किंबहुना माणसापुरताही मर्यादित नाही, हा तिचा आशय वारकरी विश्वदृष्टीशी सुसंगत आहे. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभव या ग्रंथात जग हे अज्ञानाचा पसारा आहे या मताचे खंडन केले आणि ते चैतन्याचा विलास आहे, असे प्रतिपादिले. शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले म्हणून नव्हे, तर त्यांनी सांगितले नसते तरीही हे स्वीकारले असते, अशा अर्थाचे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे. येथे शब्दापेक्षा अनुभव हे प्रमाण श्रेष्ठ ठरते.

ज्ञानेश्वरीच्या (१२९०) चौथ्या अध्यायात, सूर्य चालत नसता उदयास्तांमुळे चालतो असे वाटते, असा दृष्टान्त आला आहे. त्यावरून सूर्यकेंद्री ग्रहमालेचे ज्ञान ज्ञानेश्वरांना होते, असा दावा पुष्कळदा केला जातो. तथापि कर्मात राहूनही आत्मा अकर्ता कसा असतो, हे स्पष्ट करणे हाच त्या दृष्टान्ताचा हेतू आहे. तेथे ग्रहगतीचे निरीक्षण वा गणित नाही. पुराणांतील कल्पाचा ४३२ कोटी वर्षांचा काळ व आधुनिक विज्ञानाने काढलेले पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षांचे वय यांच्या जवळिकीबद्दलही असेच म्हणता येईल. पहिली संख्या युगगणनेतून आली आहे, तर दुसरी खडक व अशनी यांतील किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या मापनातून. अशा साम्यांवर भर दिल्याने विज्ञानाची पद्धती झाकली जाते व प्राचीन ग्रंथाचा स्वतःचा आशयही हरवतो.

कृषिजीवन व आकाश : ग्रंथांबाहेरही या परिसरात आकाशाचा एक व्यवहारी विचार रूढ आहे. रोहिणी, मृग, आर्द्रा इ. सूर्यनक्षत्रांवरून पावसाचा व पेरणीचा अंदाज बांधण्याची शेतकऱ्यांची रीत जुनी आहे. पश्चिमेकडील डोंगराळ भागातील महादेव कोळी समाजात वाघोबाची पूजा आढळते. जंगल, पशू व माणूस यांना एकाच मर्यादेत बांधणारी दृष्टी तीतून व्यक्त होते. नक्षत्रगणना मात्र स्थिर राहू शकत नाही. अयनचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. परंपरेने जपलेल्या निरीक्षणालाही वेळोवेळी पुन्हा मोजण्याची गरज असते, हे यावरून दिसून येते.

आधुनिक विश्वस्थितिशास्त्रातील वाद : विसाव्या शतकात विश्वाला आरंभ आहे काय, हा जुना प्रश्न निरीक्षणाच्या कक्षेत आला. महास्फोट सिद्धांतानुसार विश्व अतितप्त व घन अवस्थेतून प्रसरण पावत आले आहे. स्थिर स्थिती सिद्धांतानुसार (१९४८) विश्व प्रसरण पावत असले, तरी सतत होणाऱ्या द्रव्यनिर्मितीमुळे त्याचे रूप सर्व काळी सारखेच राहते. दुसऱ्या मताचे एक प्रणेते फ्रेड हॉईल यांचे शिष्य व सहकारी जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) हे १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्याच संस्थेत गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांचा रेडिओ ज्योतिषशास्त्राचा गट कार्यरत होता. या गटाने तमिळनाडूतील उटी येथे उभारलेल्या, ५३० मी. लांब व ३० मी. रुंद दुर्बिणीने (१९७०) चंद्राकडून होणाऱ्या पिधानाच्या साहाय्याने दूरस्थ रेडिओ उद्‌गमांचे कोनीय आकार मोजले. त्यांवरून स्वरूप व विजय कपाही यांनी १९७५ मध्ये काढलेले निष्कर्ष असे होते, की दूरचे, म्हणजेच पूर्वकालीन, उद्‌गम जवळच्यांहून भिन्न आहेत. विश्व कालानुसार बदलते. ही गोष्ट स्थिर स्थिती सिद्धांताला प्रतिकूल होती. १९६५ मध्ये सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचा शोध लागल्यापासून महास्फोट सिद्धांताला बळकटी येतच होती. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह स्थिरवत् स्थिती विश्वाची सुधारित कल्पना मांडली; बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. एकाच संस्थेत परस्परविरोधी मते नांदली आणि त्यांचा निर्णय व्यक्तीच्या अधिकारावर नव्हे, तर मापनावर सोपविला गेला, हे या वादाचे तात्त्विक महत्त्व होय.

खोडदची रेडिओ दुर्बीण : स्वरूप यांच्या पुढाकाराने नारायणगावजवळील खोडद येथे मीटर तरंगलांबीची महाकाय रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) उभारण्यात आली. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालविते. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अन्वस्तीय तबकड्यांपैकी १४ खोडद येथे सुमारे एक चौ. किमी. क्षेत्रात आहेत, उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर पसरलेल्या असून सर्वाधिक अंतर सुमारे २५ किमी. भरते. तबकडीचा पृष्ठभाग सलग पत्र्याचा नसून ताणलेल्या पोलादी तारांच्या जाळीचा आहे. जाळीची छिद्रे तरंगलांबीच्या मानाने फार लहान असल्याने रेडिओ तरंग तीवरून परावर्तित होतात, तर वारा आरपार जातो. बर्फ न पडणाऱ्या या प्रदेशात अशी हलकी व स्वस्त रचना शक्य झाली. रेडिओ गोंगाटाचे अल्प प्रमाण, भोवतालच्या टेकड्यांचा आडोसा आणि भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे अंतर, ही स्थाननिवडीची प्रमुख कारणे होती.

उदासीन हायड्रोजन अणू २१ सेंमी. तरंगलांबीचे रेडिओ प्रारण उत्सर्जित करतो. विश्वाच्या प्रसरणामुळे हे तरंग वाटेत ताणले जातात. त्यांची आढळणारी लांबी ते किती पूर्वी निघाले हे सांगते. दीर्घिकांच्या निर्मितीपूर्वीचे प्रचंड हायड्रोजन मेघ शोधणे, हा दुर्बिणीचा एक मूळ हेतू होता. नंतरच्या सिद्धांतांनुसार असे संकेत अपेक्षेपेक्षा फार क्षीण ठरले. तथापि दुर्बिणीची संवेदनक्षमता वाढविल्यानंतर आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजन वायूचे सरासरी प्रमाण मोजले. ताऱ्यांच्या निर्मितीचा त्या वेळचा वेग पाहता हा साठा शंभर ते दोनशे कोटी वर्षांत संपला असता. पुढील काळात ताराजन्म मंदावण्याचे कारण त्यामुळे समजू लागले. यांपैकी एकाही दीर्घिकेचा संकेत स्वतंत्रपणे दिसला नव्हता. जे एकेकटे दिसत नाही, त्याच्या समूहाविषयी केलेले हे काटेकोर अनुमान होय. २०२३ मध्ये स्पंदमान ताऱ्यांच्या वेळापत्रकातील सूक्ष्म फरकांवरून अतिदीर्घ गुरुत्वीय तरंगांचा पुरावा मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नातही या दुर्बिणीचा सहभाग होता.

रेडिओ शांततेचा प्रश्न : दूरच्या दीर्घिकेकडून येणारी रेडिओ ऊर्जा इतकी अत्यल्प असते, की भ्रमणध्वनीचे मनोरे, प्रक्षेपक व विद्युत् वाहिन्यांवरील ठिणग्या तिला सहज झाकून टाकतात. त्यामुळे दुर्बिणीच्या परिसरात प्रक्षेपण व उद्योग यांवर निर्बंध आले. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर बागायती शेती, बाजारपेठा व रस्ते वाढलेल्या या भागात या निर्बंधांची झळ स्थानिक लोकांना बसते. पुणे–नाशिक नियोजित अर्ध-अतिवेगवान रेल्वेमार्ग नारायणगावच्या बाजूने न नेता दुर्बिणीमुळे दुसरीकडे वळविण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने २०२४ नंतर घेतली, तीस परिसरातून विरोध झाला. ८०० कोटी वर्षांपूर्वीचा संकेत ऐकण्याचे मूल्य आणि हाताशी असलेल्या सोयीचे मूल्य यांची तुलना केवळ विज्ञानाने होणारी नाही. ती सामाजिक व नैतिक आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीस, खोडद येथे भरणाऱ्या प्रदर्शनात परिसरातील विद्यार्थी मोठ्या संख्येने भाग घेतात. शांततेचा भार उचलणाऱ्या समाजास ज्ञानातही वाटा मिळावा, या दृष्टीने हा उपक्रम महत्त्वाचा आहे.

मूल्यमापन : विश्वव्यवस्थेशी जुळवून घेणे, निरर्थक प्रश्न बाजूस ठेवणे, जगाशी एकत्व अनुभवणे आणि जगाचे मापन करणे, अशा चार भूमिका या परिसरात दिसतात. त्यांतील चौथीच चुकीची ठरण्याची तयारी ठेवून पुढे जाते व म्हणून भौतिक विश्वाविषयी तिचाच निर्णय ग्राह्य मानावा लागतो. परंतु मापन कशासाठी करावे, त्याची किंमत कोणी सोसावी आणि उत्तर नसलेल्या प्रश्नांपुढे कसे वागावे, हे ती एकटी ठरवू शकत नाही. महास्फोटापूर्वी काय होते, या प्रश्नाबाबत सुमारे १,३८० कोटी वर्षांचा इतिहास उलगडणारे विज्ञानही बव्हंशी मौन बाळगते. ते मौन बौद्धांच्या मौनाहून भिन्न आहे; पुरावा मिळताच ते सोडण्याचे बंधन त्यात अंतर्भूत असते.